जेफरसन, टेक्सास : वयस्कर आई-बाबांसह बायूकाठच्या जुन्या गावाची शनिवार-रविवारची सहल

पूर्व टेक्सासमधील जेफरसन या गावी आम्ही गेल्या नोव्हेंबरमध्ये शनिवार-रविवारला जोडून जाऊन आलो. सोबत चिपळूणहून आलेले, सत्तरी ओलांडलेले माझे आई-बाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा होता. आईचे गुडघे जिना सोसत नाहीत आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. बाबांना मधुमेह आहे आणि मासे सोडून दुसरे काही सामिष ते खात नाहीत. भारतातून पालक आले की डॅलसकडची मराठी कुटुंबे बहुधा सॅन अँटोनियो किंवा ह्यूस्टनचे नासा केंद्र गाठतात, कारण तिथली सोय सगळ्यांना ठाऊक असते. लहान गावांबद्दल विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही, आणि म्हातारी माणसे बरोबर असताना अंदाजावर निघण्याचे धाडस होत नाही. अशा कुणाला उपयोग व्हावा म्हणून आमची आखणी, तिला लागलेला वेळ, पैसे आणि प्रत्यक्ष सहल हे सारे क्रमाने लिहीत आहे.

जेफरसन निवडण्याचे कारण त्याचा इतिहास. आज दोन हजारांच्या आत वस्ती असलेले हे गाव १८७० च्या सुमारास टेक्सासमध्ये व्यापाराच्या उलाढालीत गॅल्व्हस्टनच्या खालोखाल मोजले जाई. समुद्र इथून शेकडो मैल दूर, तरीही न्यू ऑर्लिन्सहून निघालेल्या वाफेच्या बोटी मिसिसिपी, रेड नदी, कॅडो सरोवर आणि बिग सायप्रस बायू असा प्रवास करून गावाच्या धक्क्याला लागत. बायू म्हणजे या भागातला अगदी संथ वाहणारा, दलदलीच्या काठांचा प्रवाह. एवढ्या आत बोटी येऊ शकत, कारण रेड नदीत शंभराहून अधिक मैल पसरलेला ओंडक्यांचा एक प्रचंड अडसर होता. त्याला ‘ग्रेट राफ्ट’ म्हणत. त्या अडसरामुळे पाणी मागे तुंबून कॅडो सरोवर आणि बायू भरलेले राहत. १८७३ साली सरकारच्या अभियंत्यांनी नायट्रोग्लिसरीनचे सुरुंग लावून तो फोडला, पाणी हळूहळू उतरले आणि जेफरसनची बंदर म्हणून असलेली सद्दी संपत गेली. त्याच वर्षी मार्शल ते टेक्सारकाना रेल्वेही सुरू झाली. बाबांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, “आपल्या गोवळकोटसारखेच झाले म्हणायचे. वाशिष्ठीत गलबते येत होती तोवर त्या बंदराला काय मान होता!” त्यांची उत्सुकता एवढी वाढली की दुसऱ्या कुठल्या गावाचा विचार आम्ही केलाच नाही.

आखणीला जुलैच्या शेवटी सुरुवात केली. आई-बाबा ऑगस्टअखेर येणार होते, पण टेक्सासच्या उन्हात त्यांना जुन्या गावातून पायी फिरवणे शक्य नव्हते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ठरवला, कारण त्या सुमारास सायप्रसची झाडे तांबूस होतात, डास कमी असतात आणि दुपारीही हवा सुखद असते. या दिवसांत एक गोष्ट मात्र आखणीत धरावी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पूर्व टेक्सासमध्ये सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. शिवाय त्याच महिन्याच्या पहिल्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा सर्वसाधारण हंगाम सुरू होतो. या काळात शिकारीला आलेल्या लोकांमुळे मोटेलच्या खोल्या लवकर भरतात आणि अंधार पडल्यावर पाइनच्या रानातल्या रस्त्यांवर हरणे आडवी येतात. म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही हा नियम आम्ही आधीच ठरवला आणि बाकी सगळे वेळापत्रक त्याभोवती बसवले.

राहण्यासाठी पहिली इच्छा कॅडो लेक स्टेट पार्कमधील केबिनची होती. हे पार्क जेफरसनपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. तिथल्या केबिन १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या मुलांनी बांधल्या आहेत. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये मुक्कामाचे आरक्षण पाच महिने आधी उघडते, म्हणजे नोव्हेंबरच्या तारखा जूनमध्येच खुल्या झाल्या होत्या. जुलैअखेर पाहिले तेव्हा नोव्हेंबरचे सगळे शनिवार भरलेले होते. आठवड्याच्या मधले दिवस मिळत होते, पण मुलाच्या शाळेमुळे ते जमणारे नव्हते. मग गावातच राहायचे ठरले.

जेफरसनमध्ये एकोणिसाव्या शतकातली अनेक घरे आता पाहुण्यांसाठी उघडलेली आहेत, आणि एक्सेल्सिअर हाउस हे १८५० च्या दशकात सुरू झालेले हॉटेल गावातल्या महिलांच्या जेसी ॲलन वाइज गार्डन क्लबने १९६१ मध्ये विकत घेऊन जतन केले आहे. खोल्या सुंदर, पण जुन्या, आणि जुन्या लाकडी घरांत जिना हीच मुख्य अडचण असते. संकेतस्थळांवरच्या छायाचित्रांत पलंग आणि पडदे दिसतात. अंगणापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, न्हाणीघरात टब ओलांडून आत जावे लागते की सपाट शॉवर आहे, हे कळत नाही. आरक्षणाच्या एका संकेतस्थळावर ‘तळमजला’ असे लिहिलेली खोली आम्ही पैसे भरून घेतली होती. खात्री करायला त्या घरमालकांना फोन लावला तेव्हा ती पहिल्या मजल्यावर असल्याचे समजले. रद्द केली, पण पैसे परत यायला जवळपास तीन आठवडे गेले आणि तोवर क्रेडिट कार्डाच्या हिशेबात ती रक्कम अडकून राहिली.

त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी आधी फोन केला आणि तीच पद्धत इतरांनाही सुचवीन. लहान गावांतली घरमालक मंडळी ईमेलला सवडीने उत्तर देतात, पण फोनवर मोकळेपणाने बोलतात. मी कागदावर प्रश्न लिहून घेतले होते : पायऱ्यांना कठडा आहे का, गाडी दारापर्यंत येते का, खोलीत छोटा फ्रिज आणि विजेची किटली आहे का, नाश्त्यात अंडी आणि मांस सोडून काय मिळेल, मुलांना परवानगी आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण जुन्या सामानामुळे काही घरे बारा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. अखेर ऑगस्टच्या मध्यावर एका घराच्या तळमजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट होती, एका रात्रीचे भाडे आगाऊ घेतले गेले आणि दोन आठवडे आधीपर्यंत रद्द केल्यास ते परत मिळणार होते. भाड्याच्या आकड्यावर राज्याचा ६ टक्के हॉटेल-कर आणि शिवाय स्थानिक कर लागतो, तो जाहिरातीत बहुतेक वेळा धरलेला नसतो. दोन खोल्या, दोन रात्री आणि कर मिळून आमचे सुमारे ६१० डॉलर झाले.

ऑक्टोबरमध्ये कागदपत्रांचे काम केले. स्टेट पार्कचे दिवसाचे प्रवेश आरक्षण तीस दिवस आधी उघडते. आरक्षण नसले आणि पार्क भरले तर दारातून परत पाठवू शकतात, म्हणून पहिल्याच सकाळी ते करून टाकले. कॅडो लेकला मोठ्यांसाठी माणशी ४ डॉलर प्रवेशशुल्क आहे आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते नाही. आम्ही मात्र ७० डॉलरचा वार्षिक पास काढला, कारण तो असला की एकाच गाडीतून आलेल्या सगळ्यांचे प्रवेशशुल्क माफ होते आणि वर्षभर राज्यातल्या इतर स्टेट पार्कमध्येही चालतो. ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा पास टेक्सासच्या रहिवाशांनाच मिळतो, त्यामुळे भेटीला आलेल्या पालकांसाठी त्याच्या मागे लागू नये. आई-बाबांच्या आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत छापून पासपोर्टच्या प्रतीसोबत पाकिटात ठेवली. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणे अमेरिकेच्या कायद्याला अपेक्षित आहे. प्रवासी आरोग्य विम्याचे कार्ड, औषधांची इंग्रजी नावे आणि मात्रा लिहिलेला कागदही त्याच पाकिटात घातला. मोठे रुग्णालय मार्शलला आहे, हेही आधी पाहून ठेवले.

बोटीच्या फेरीसाठी ऑक्टोबरच्या मध्यावर फोन केला. जेफरसनहून बायूवर फेऱ्या निघतात आणि कॅडो सरोवराच्या काठच्या अन्सर्टन या छोट्या वस्तीतूनही निघतात. आईसाठी चढा-उतरायला सपाट अशी पाँटून बोट हवी होती, म्हणून पुन्हा पायऱ्यांचाच प्रश्न विचारला. मालकाने स्वतःहून सांगितले की धक्क्यावर हात धरायला माणूस असेल आणि आईला मधल्या खुर्चीवर बसवू. आमच्या चिंतेचा मोठा भाग त्या एका फोनने कमी झाला.

शुक्रवारी मुलाची शाळा दुपारी लवकर सोडवून घेतली आणि बाराच्या सुमारास डॅलसजवळच्या प्लेनोहून, म्हणजे आमच्या घरून, निघालो. वाट सोपी आहे : आय-२० ने पूर्वेकडे टायलर आणि लाँगव्ह्यूच्या बाजूने मार्शल, आणि तिथून यूएस ५९ ने उत्तरेला सुमारे सोळा मैल. न थांबता तीन तास लागतात. आम्ही चार धरले होते आणि तेवढेच लागले. टेरेलला बकीज हा मोठा पेट्रोलपंप आणि दुकान आहे, तिथली स्वच्छतागृहे वयस्कर माणसांसाठी वरदान आहेत. पुढे बसण्यासारखी जागा मिळेल याचा भरवसा नसल्याने दशम्या आणि दह्याची चटणी तिथेच गाडीत बसून खाल्ली. टायलरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची रांग सुरू होते. “हे टेक्सास वाटतच नाही,” असे आई म्हणाली.

अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या घरी पोचलो. घरमालकीण बाईंनी दारात येऊन सगळ्यांशी हस्तांदोलन केले, पायऱ्यांपाशी दिवा लावून दाखवला आणि आईसाठी न्हाणीघरात एक बळकट स्टूल आधीच ठेवले होते. फोनवर मी गुडघ्यांबद्दल बोलले होते ते त्यांच्या लक्षात राहिले होते. संध्याकाळी जेवणासाठी बाहेर पडलो नाही. बरोबर नेलेल्या छोट्या विजेच्या कुकरमध्ये मऊ भात लावला आणि मेतकूट-तुपाशी जेवलो. खोलीत स्वयंपाक करण्याला काही घरांची हरकत असते, म्हणून त्याची परवानगीही आधी विचारून घेतली होती.

शनिवारी सकाळी नाश्त्याला मक्याच्या भरडीची पेज, म्हणजे ग्रिट्स, फळे आणि गरम बिस्किटे, म्हणजे इथले मऊ पावासारखे गोळे, होती. आईला ग्रिट्स आवडले, पण त्यांत लोणी आणि मीठ आपण घालून घ्यावे लागते. नऊच्या सुमारास गावात निघालो. गाडी ऑस्टिन स्ट्रीटवर उभी केली की बहुतेक जुन्या इमारती चालत पाहता येतात. विटांच्या पायवाटा मात्र जागोजागी झाडांच्या मुळांनी उचलल्या आहेत. काठी असेल तर न्यावी आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्याच्या कडेने नेण्याऐवजी दर दोन-तीन दुकानांनंतर बाकावर बसवत न्यावे.

गावात फिरताना एक गोष्ट बाबांनी आधी ओळखली. काही रस्ते एकमेकांना तिरके येऊन भिडतात आणि त्यांच्यामध्ये त्रिकोणी तुकडे उरतात. गावाच्या संस्थापकांपैकी ॲलन अर्कर्टने आपले रस्ते बायूला काटकोनात आखले, कारण त्याच्या मते गावाचे तोंड पाण्याकडे होते. डॅनियल ॲलीने शेजारच्या आपल्या जमिनीवर सरळ उत्तर-दक्षिण रस्ते आखले. दोघांच्या आखण्या जिथे मिळाल्या तिथे गाव वाकले. नकाशावर हे दिसते, पण कोपऱ्यावर उभे राहून एका बाजूला पाण्याकडे उतरणारा आणि दुसऱ्या बाजूला होकायंत्राप्रमाणे जाणारा रस्ता पाहताना बंदराच्या काळातली घाई अधिक जाणवते. बाबा त्या कोपऱ्यावर बराच वेळ उभे होते आणि नातवाला काठीने जमिनीवर रेषा काढून दाखवत होते.

जुन्या फेडरल इमारतीत, जी पूर्वी पोस्ट ऑफिस आणि न्यायालय होती, जेफरसन हिस्टॉरिकल म्युझियम आहे. तास-दीड तास सहज जातो. बोटींच्या काळातल्या वस्तूंबरोबर त्या वैभवामागची माणसेही डोक्यात ठेवून ते पाहावे असे मला वाटते. जेफरसनहून जो कापूस बोटींत भरला जाई तो यादवी युद्धापूर्वी गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांच्या श्रमावर पिकत होता. आणि ज्या कॅडो लोकांचे नाव सरोवराला आहे त्यांना १८३५ च्या तहाने आपली भूमी सोडावी लागली होती. मुलाने विचारले की ते लोक आता कुठे आहेत. त्यांच्या वंशजांचे राष्ट्र आज ओक्लाहोमात आहे, एवढे मी त्याला सांगू शकले आणि घरी गेल्यावर आपण आणखी वाचू असे ठरले.

एक्सेल्सिअर हाउससमोर रेल्वेसम्राट जे गूल्ड याचा ‘ॲटलांटा’ नावाचा खासगी डबा ठेवलेला आहे. तो पाहायला तिकीट आहे आणि चढायला उंच पायऱ्या आहेत. आई खालीच बसली. गावात एक दंतकथा सांगतात की गूल्डने जेफरसनमधून रेल्वे न्यायचे ठरवले होते, गावाने नकार दिला आणि त्याने रागाने हॉटेलच्या नोंदवहीत ‘जेफरसनचा अंत’ असे लिहिले. गोष्ट रंजक आहे, पण १८७३ मध्ये रेल्वे जेफरसनमधूनच गेली होती आणि त्या कंपनीचा ताबा गूल्डकडे त्यानंतर काही वर्षांनी आला. मला तर ओंडक्यांचा अडसर फुटल्याची खरी हकिकत त्या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक विलक्षण वाटते.

दुपारच्या जेवणाचा अनुभव शाकाहारी लोकांनी नीट वाचावा. या भागात तळलेला कॅटफिश सर्वत्र मिळतो. बाबांनी तो मक्याच्या पिठाच्या हशपपी गोळ्यांसह खाल्ला आणि बोंबलाइतका नाही पण चांगला आहे असा निर्वाळा दिला. आईसाठी मेक्सिकन हॉटेल बरे, मात्र तिथे राजमा किंवा पिंटो बीन्स डुकराच्या चरबीत शिजवलेले असू शकतात आणि भाताला कोंबडीचे पाणी वापरलेले असू शकते. दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत विचाराव्यात. विचारल्यावर त्यांनी आईसाठी साध्या टॉर्टियात भाज्या, मिरची आणि चीज घालून वेगळे करून दिले. पर्समध्ये लसणाची चटणी होतीच. शनिवारी साडेअकरालाच जेवायला बसल्यास रांग लागत नाही आणि बाबांच्या गोळीची वेळही सांभाळली जाते.

दुपारी कॅडो सरोवराकडे गेलो. स्टेट पार्कच्या दारात पासची पावती आणि आरक्षणाचा कागद दाखवला. तिथे मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून कागद छापून नेणे आणि नकाशा आधी उतरवून ठेवणे उपयोगी पडले. पार्कमधली सॉ मिल पाँड ही जागा गाडीतून उतरून काही पावलांवर पाहता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सायप्रसचे रान जवळून पाहण्यासाठी याहून सोयीची जागा मला माहीत नाही. पाण्यातून वर आलेली, बुंध्याशी फुगलेली झाडे, फांद्यांवरून लोंबणारे राखी शेवाळासारखे स्पॅनिश मॉस आणि तांबड्या-तपकिरी बारीक पानांचा पाण्यावर पडलेला थर. झाडांच्या बुंध्यांभोवती पाण्यातून मुठीएवढे, ढोपराएवढे लाकडी खुंट वर आलेले असतात. ती मुळांचीच वाढ असते. आईने कठड्याला धरून एका खुंटाकडे बोट दाखवले आणि विचारले, “याच्यावर हिरवे काय दिसते गं? आपली जलपर्णी आहे का?” जलपर्णी इथे आहेच, पण त्या ठिकाणी होता तो जायंट साल्व्हिनिया. २००६ मध्ये तो कॅडोत आढळला आणि पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकणाऱ्या या नेच्यावर उपाय म्हणून तो खाणारे बारीक भुंगे सोडले जातात. स्वतःची होडी किंवा कयाक नेणाऱ्यांनी निघताना तिला चिकटलेल्या वनस्पती आणि आतले पाणी काढून टाकणे राज्याच्या नियमांत आहे, कारण पानाचा एक तुकडासुद्धा दुसऱ्या तळ्यात पुरतो.

बाबांना गळ टाकायचा होता. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून मासे धरायला परवाना लागत नाही, ही माहिती कामी आली. पार्कच्या बाहेर मात्र परराज्यातल्या किंवा परदेशी माणसालाही परवाना काढावा लागतो. गळाला काही लागले नाही, पण शेजारी बसलेल्या स्थानिक आजोबांशी त्यांची खुणांनी आणि तुटक इंग्रजीत मासे, आमिष आणि भरती-ओहोटी यांवर चांगली मैफल जमली. साडेचारला आम्ही उठलो आणि उजेडातच जेफरसनला परतलो. संध्याकाळी गावात भुतांच्या गोष्टी सांगत फिरवणारी फेरी असते; मुलगा आणि नवरा तिकडे गेले, आम्ही तिघे घरी थांबलो.

रविवारी सकाळी बायूवरची फेरी होती. मालकाने शब्द पाळला, आईला दोन बाजूंनी धरून बोटीत बसवले. २६ फुटांपेक्षा लहान बोट चालू असताना तेरा वर्षांखालील मुलांनी जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे असा टेक्सासचा कायदा आहे. मुलाला ते कंटाळवाणे वाटले, पण त्यावर वाद होऊ शकत नाही. एक तासाच्या फेरीत वाहकाने बोटी वळवण्यासाठी रुंद केलेली टर्निंग बेसिन दाखवली आणि ‘मिटी स्टीव्हन्स’ या बोटीची हकिकत सांगितली. फेब्रुवारी १८६९ मध्ये जेफरसनला येताना कॅडो सरोवरात तिच्यावरच्या वाळल्या गवताने पेट घेतला आणि काठ हाकेच्या अंतरावर असूनही साठाहून अधिक माणसे गेली. बाबांनी माझ्याकडून दोन प्रश्न विचारवून घेतले : पाणी आता किती खोल आहे आणि उतरल्यावर ते पुन्हा कशाने धरले. खोली जागोजागी बदलते, आणि १९१४ मध्ये लुइझियानातल्या मूरिंग्सपोर्टजवळ बांध घालून सरोवराची पातळी टिकवली, असे उत्तर मिळाले. बोटीचे चौघा मोठ्यांचे आणि मुलाचे मिळून बक्षिशीसह सुमारे १२० डॉलर झाले.

परतताना आय-२० ऐवजी राज्यमार्ग ४९ ने डेंगरफील्ड, माउंट प्लेझंट आणि मग आय-३० असा रस्ता घेतला. वेळ फारसा वाढत नाही, वाहतूक कमी आणि टेकड्यांमधून जाणारा रस्ता डोळ्यांना सुखद आहे. मात्र मध्ये स्वच्छतागृहांची ठिकाणे विरळ आहेत. चारच्या सुमारास घरी पोचलो. एकूण खर्च हजार डॉलरच्या थोडा वर गेला : मुक्काम, बोट आणि पास यांशिवाय पेट्रोलला ५५, जेवणाला १४० आणि संग्रहालय व रेल्वेच्या डब्याला मिळून ४० डॉलर.

आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणे शक्य असेल तर खोल्या स्वस्त मिळतात, पण सोमवार ते बुधवार गावातली बरीच दुकाने आणि काही जुनी घरे बंद असतात, त्यामुळे काय पाहायचे आहे ते फोन करून पक्के करावे. वसंतात जुनी खासगी घरे पाहुण्यांसाठी उघडणारा उत्सव असतो. तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढतात. आमचा पार्कचा पास वर्षभरासाठी आहे. येत्या जूनमध्ये नोव्हेंबरच्या तारखा उघडल्या की बिनपायऱ्यांची केबिन कोणती आहे ते आधी पार्कच्या कार्यालयाला विचारून मगच आरक्षण करायचे, असे बाबांनी परतीच्या वाटेवरच मला सांगून ठेवले आहे.